आई? छे!

रविवार, दुपार

पोरं सकाळीच निघाली. मोरीत भांडी पडली आहेत आणि मी वही घेऊन बसले आहे, कारण कालचं एक वाक्य काही केल्या डोक्यातून जाऊन नाही राहिलं.

त्या पोरीने विचारलं, "काकू, तुम्ही नाही घेणार?" मी तोंड उघडायच्या आत पिंटू म्हणाला, "आई? छे!" सगळे हसले. मीही हसले.

बस, एवढंच.

मी घेत नाही हे खरंच आहे. काल घेणारही नव्हते. माहेर नदीपलीकडचं, वर्धा जिल्ह्यातलं. मला कळायला लागलं तेव्हापासून तिथे दारूबंदी. बंदी होती म्हणून गावात येत नव्हती असं नाही. रात्री बाबा... जाऊ दे, ते नाही लिहायचं. तर मग वाईट कशाचं वाटलं? विचारलं मला होतं. उत्तर त्याने दिलं.

आणि केलं कोणी होतं ते सगळं? फोन आला होता, "आई, मित्रांना घेऊन येतो, एक कॉकटेल करायचं आहे. सफरचंदाचा रस, दालचिनी, आलं, वरून रम. ऑटम कॉकटेल म्हणतात." अमेरिकेत या दिवसांत सफरचंदं उतरतात, झाडं पिवळी-लाल होतात, गारठा पडतो, म्हणून मसाल्याचं पितात म्हणे, पुष्कळदा गरमच. आपण थंड करू. म्हटलं, बाप्पा, थंडच कर! इथे सोयाबीन सोंगणाऱ्या बाया अकरा वाजताच बांधावरची सावली पाहून राहिल्या. आणि पानगळीचं म्हणशील तर आपला पळस उघडा होतो होळीच्या आसपास. पण सफरचंदाचं मी ऐकलं नाही. वरूड तालुक्यात राहून, संत्र्याचा आंबिया बहार झाडाला लटकलेला असताना, बाजारातून सफरचंद आणून त्याचा रस काढायचा? लोक काय म्हणतील!

संत्रा अजून हिरवट आहे. रात्री थंड पडल्याशिवाय रंग नाही येत. आंबटही आहे, पण पाकात घालायला आंबटच बरा. पाक मी सकाळीच केला. साखर आणि पाणी सारखं, दालचिनीचे तुकडे, ठेचलेलं आलं, थोड्या लवंगा. उकळी आली की झाकण ठेवायचं आणि निवल्यावर गाळायचं. शांताबाई दारातूनच म्हणाली, "काकू, काढा करून राह्यल्या का? कोनाले ताप आला?" तिला काय सांगणार.

रस मात्र आधी काढून ठेवला नाही. आपल्या संत्र्याचं हेच आहे, रस ठेवला की थोड्या वेळाने कडू होतो. मिक्सरमध्ये बी फुटली तर त्याहून लवकर. म्हणून पोरं गच्चीवर चढल्यावर हातानेच पिळला, बिया काढून. बर्फाचे ट्रेमधले तुकडे नाही वापरले, ते पाहता पाहता विरघळतात आणि सगळं पाणचट होतं. स्टीलच्या डब्यात एकच मोठा गोळा आदल्या दिवशीच जमवला होता. संध्याकाळी लाईट गेली तेव्हा फ्रिजचं दार कोणाला उघडू दिलं नाही, यांना पाण्याच्या बाटलीसाठीही नाही. काचेचे गिलास आतच गार होत होते. दोन वाट्या रसाला अर्धी वाटी पाक, सोडा अगदी शेवटी, कडेकडेने. गिलासाच्या काठाला काळं मीठ आणि जिरेपूड. ते कोणी सांगितलं नव्हतं, माझंच डोकं.

वर नेलं तेव्हा "वाह काकू, वाह" झालं. रमची बाटली त्यांची त्यांनी काढली, झाकणाने मोजून ओतली. चांगली पोरं आहेत. ती पोरगी तर ट्रे धरायला अर्ध्या जिन्यापर्यंत खाली आली होती. तिच्याबद्दल पिंटू काही बोलला नाही. मी विचारलं नाही.

तर तिने विचारलं. आणि तो म्हणाला, छे.

खाली आले. हे घोरत होते. यांना तर कोणी विचारलंही नाही, पण यांचं काही अडलंही नाही. मी मात्र जागी. वरून हसणं ऐकू येत होतं. दरवेळी वाटायचं, माझ्यावरच. आई काय घेते, काय नाही, हे पिंटूने कधीचं ठरवून टाकलं आहे. मी आता चहात साखर घेत नाही, हे त्याला माहीत नाही. आज सकाळी लाडाने स्वतः चहा केला, दोन चमचे घालून. प्यायले. डॉक्टरचं त्याला सांगायचं राहूनच गेलं आहे.

आता मघापासून विचार करून राहिले, तो गप्प बसला असता तर मी काय म्हटलं असतं? "नको गं बाई." दुसरं काय! म्हणजे माझंच उत्तर त्याने दिलं, वर माझा एक शब्द वाचवला. पण इतक्या लोकांत, चांदण्यात, हातात ट्रे घेऊन, कोणीतरी आग्रह करावा आणि आपण ऐटीत नको म्हणावं, ती हौस राहूनच गेली. कदाचित दुसऱ्यांदा आग्रह झाला असता. मग, देवालाच माहीत.

लिहिता लिहिता त्याचा फोन वाजला. पोहोचले नागपूरला. सगळ्यांना आवडलं म्हणे, कृती पाहिजे, ती मागून राहिली आहे. 'ती' म्हणाला, नाव नाही घेतलं.

बसून सगळं टाईप केलं. पाक, रस, सोडा, काळं मीठ. रमपाशी अडले. त्याचं माप मला कुठून माहीत, मला तर छे! शेवटी लिहिलं, "रम: चवीनुसार." पिंटूच्या हसणाऱ्या बाहुल्या अजून येऊन राहिल्या आहेत. भांडी घासून मग पाहते.