तुम्ही विचारलंत म्हणून: ताओची थट्टा चालते का?

ताओ (शब्दशः 'मार्ग') या जुन्या चिनी विचाराविषयी कुठेही बोलले की एक प्रश्न हमखास येतो. या विचाराचा आद्य गुरू मानला जाणारा लाओ-त्झु याची वचनं छापलेले कॉफीचे मग, 'लोळत पडा, हाच ताओ' अशी मीम, अस्वलाच्या तोंडी घातलेलं तत्त्वज्ञान... इतक्या जुन्या शहाणपणाची ही थट्टा तुम्हाला खटकत नाही का?

थट्टा नाही खटकत. ती या विचारात मुळापासून आहे. लाओ-त्झुच्या नावावरच्या 'ताओ ते चिंग' या ग्रंथाच्या ४१व्या प्रकरणातच म्हटलंय की अडाणी माणूस ताओविषयी ऐकून खदाखदा हसतो, आणि तो हसला नाही तर तो ताओच नव्हे. पुढे थांग राजवटीच्या काळातला चिनी कवी बाय ज्यू-यी (७७२–८४६) यानं खुद्द लाओ-त्झुला चिमटा काढला: जो जाणतो तो बोलत नाही म्हणता, मग स्वतः पाच हजार अक्षरं कशाला लिहिलीत?

आणि च्वांग-त्झु हा दुसरा मोठा ताओवादी विचारवंत तर विनोदाशिवाय वाचताच येत नाही. ताओ कुठे असतो, असं एकानं त्याला विचारलं. तो म्हणाला, मुंगीत. इतक्या खाली? मग गवतात. आणखी खाली? फुटक्या कौलात. शेवटी म्हणाला, गू-मुतात. विचारणारा गप्पच झाला. मग च्वांग-त्झुनं त्याला डुकरांच्या बाजारातली रीत सांगितली: डुक्कर किती पोसलंय हे बघायला पारखी त्याचा पाय दाबत जातो, आणि जितका खाली दाबावा तितका अंदाज पक्का. मला हा प्रसंग फार आवडतो. विचारणाऱ्याला काहीतरी उदात्त ऐकायचं होतं, आणि पायरीपायरीनं खाली उतरवत नेल्याशिवाय त्याची ती अपेक्षा सुटली नसती. इथे हसू हीच शिकवण आहे.

म्हणून तैवानच्या त्साय चिह-चुंग यांनी १९८०च्या दशकात च्वांग-त्झुच्या गोष्टी व्यंगचित्रांत आणल्या, ते मला अगदी योग्य वाटतं. बेंजामिन हॉफ यांनी १९८२मध्ये मुलांच्या गोष्टींतल्या विनी-द-पू या अस्वलाला आपल्या पुस्तकात ताओवादी ठरवलं, तेही गोड आहे. पण त्यात विद्वानांना जरा जास्तच टपल्या बसतात. च्वांग-त्झुचा वादातला जोडीदार हुई-त्झु हा पक्का तर्कवादी. 'तू मासा नाहीस, मग माशांचा आनंद तुला कसा कळला?' असं विचारणारा तोच. त्याच्या थडग्याजवळून जाताना च्वांग-त्झु म्हणतो की हा गेला आणि मला बोलायला कुणी उरलं नाही. विद्वानाची टिंगल करावी, पण इतकं प्रेम ठेवून.

खटकतं ते लोळत पडण्याचं मीम. ते 'वू वेई'च्या, म्हणजे ओढाताण न करता सहज कृती करण्याच्या, नावावर खपवलं जातं. च्वांग-त्झुचा खाटीक तिंग आठवा. साधा खाटीक दर महिन्याला सुरी बदलतो, चांगला वर्षाला. तिंगची सुरी एकोणीस वर्षं वापरून नुकतीच धार लावल्यासारखी आहे, कारण तो हाडावर घाव घालत नाही, सांध्यातली मोकळी जागा शोधतो. पण अवघड गाठ आली की तो सावध होतो, हात मंद करतो, नजर तिथेच खिळवतो आणि सुरी अगदी हलकेच फिरवतो. एवढ्या वर्षांच्या सरावानं आलेल्या सहजतेला आळस म्हणणारा विनोद च्वांग-त्झुच्या जवळपासही पोहोचत नाही. तिंगच्या त्या सावध क्षणावर कुणाला चांगला विनोद सुचला, तर तो मला मनापासून ऐकायचा आहे.