धानोरा तालुक्यात अभ्यासाला जाताना

आमच्या कॉलेजची पुढची तुकडी यंदा पुन्हा गडचिरोलीला जाणार आहे. इतरही कॉलेजांतून तिकडे अभ्यासगट जात असतात. त्या सगळ्यांच्या उपयोगी पडेल असं जेवढं आठवतंय, तेवढं लिहून ठेवते.

आधी पोचायचं कसं ते. पुण्या-मुंबईहून रेल्वेनं नागपूर, आणि तिथल्या गणेशपेठ स्टँडवरून गडचिरोलीची एसटी. उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी, आरमोरी असा साधारण १७० किलोमीटरचा रस्ता आहे. अर्धा दिवस त्यातच जातो. जवळचं रेल्वे स्टेशन वडसा, म्हणजे देसाईगंज, पण तिथूनही पुढे ५० किलोमीटर उरतातच. गडचिरोलीहून धानोऱ्याला गाड्या बऱ्या आहेत. आतल्या गावांना मात्र दिवसातून मोजक्याच, म्हणून संध्याकाळची शेवटची गाडी किती वाजता ते स्टँडवर विचारल्याशिवाय पुढे निघू नका. पैसे रोख ठेवा. पावसाळ्यात जाणार असाल तर दोन दिवस हाताशी जास्त धरा. भामरागडकडे पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ता बंद होतो. धानोऱ्याकडे तेवढी अडचण नाही, तरी नाले भरतातच.

धानोऱ्याच्या रस्त्यावर, चातगावजवळ, शोधग्राम लागतं. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ साली या जिल्ह्यात काम सुरू केलं, त्या 'सर्च' संस्थेचं हे ठिकाण. आधी परवानगी घेऊन तिथे एक दिवस नक्की घालवा. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या बायकांची तपासणी करून त्यांनी १९८९ साली दाखवून दिलं की ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास आहे. तोवर ग्रामीण बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढाच विचार होत असे. पुढे गावातल्याच बायकांना शिकवून त्यांनी नवजात बाळांची काळजी घरच्या घरी घ्यायला लावली. तिसऱ्या वर्षापर्यंत त्या गावांत नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी खाली आलं. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते प्रसिद्ध झालं. आज देशभर आशाताई घरी येऊन बाळाचं वजन करतात, त्याची मुळं इथे आहेत. गावातलं संशोधन गावाच्या किती उपयोगी पडू शकतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. आपला माहिती भरायचा फॉर्म तयार करायच्या आधी हे बघून घ्या.

त्याच रस्त्यानं पुढे मेंढा (लेखा). शंभराच्या आसपास घरांचं गोंड गाव. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा याच गावाची. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळालेल्या देशातल्या पहिल्या गावांपैकी हे एक. पण कायद्यात बांबू गौण वनोपज, म्हणजे गावानं गोळा करून विकायचा जंगलातला माल असला, तरी तो बाहेर नेण्याचा वाहतूक परवाना वनखात्याच्याच हातात होता. एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं, तेव्हा हा हक्क खरा झाला. मेंढ्याचं आणखी एक वैशिष्ट्य आमच्यासारख्या विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावं असं आहे. तिथे गावकऱ्यांचे स्वतःचे अभ्यासगट आहेत. आधी विषयाचा अभ्यास, मग ग्रामसभेत चर्चा, आणि सर्वसहमती झाली की निर्णय. कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल आणि गावातलेच देवाजी तोफा यांच्या पुढाकारानं ही रीत अनेक वर्षांपासून चालत आली आहे. ज्या भागात गावकरीच अभ्यास करतात, तिथे आपण पाहुणे अभ्यासक. पायरी ओळखून राहायचं.

आमचं प्रत्यक्ष काम याच तालुक्यातल्या दुसऱ्या एका गावात होतं. त्याचं नाव इथे लिहीत नाही, कारण आकडे बाहेर सांगा पण गावाचं नाव नको, असं ग्रामसभेनं ठरवलंय. ग्रामसभेची परवानगी म्हणजे सरपंचांची सही नव्हे. सगळे जमतात, तुम्ही का आलात ते सांगता, लोक प्रश्न विचारतात, गोंडीत आपसात बोलतात, त्याला अख्खी संध्याकाळ लागते. आमच्या वेळी एका वयस्क मामांनी विचारलं, "हे मोजून तुमी नेसान, का आमाले बी देसान?" सगळी सभा उत्तराची वाट बघत होती. सरांनी तिथेच कबूल केलं की मोजलेलं सगळं आधी या सभेपुढे मांडू, मग कॉलेजात नेऊ. त्यानंतरच होकार आला.

विषयही तिथेच ठरला. आम्ही जंगलातल्या वनस्पतींची यादी करायचं मनात धरून गेलो होतो. गावाला हवा होता मोहफुलांचा हिशेब: कुठलं घर किती वेचतं, किती विकतं, कुणाला, कुठल्या मापानं. गावाचा विषय घ्यायचा हे आमच्या विभागानं आधीच ठरवलं होतं, त्यामुळे अडलं नाही. तुमच्या मार्गदर्शकांकडून ही मोकळीक निघण्यापूर्वी लेखी घ्या.

मोहाच्या दिवसांत, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये, दुपारपर्यंत घरात कुणी सापडत नाही. फुलं पहाटे गळतात, तेव्हा उजाडायच्या आधीच घरंच्या घरं टोपल्या घेऊन झाडाखाली. आम्हीही जायला लागलो. वाकून वाकून वेचताना जे बोलणं होतं, ते अंगणात वही घेऊन बसल्यावर होत नाही. ज्या आजीकडे मी जात असे, त्यांनी पहिल्या दिवशीची टोपली माझ्याकडून मोजून घेतली, अंगणात सारवलेल्या जागेवर पसरली, आणि उन्हात चांगली वाळल्यावर तीच फुलं पुन्हा काट्यावर ठेवायला लावली. आकडा इतका खाली आला की मी काटा तपासला. "व्यापारी ओल्याचा भाव सांगते नि वाळल्याचं वजन धरते," आजी म्हणाल्या. फॉर्ममध्ये 'ओलं की वाळलं' हा रकाना त्या दिवशी वाढला. 'पायलीनं (धान्य मोजायच्या मापानं) की किलोनं' हाही. आणि बायकांच्या बैठकीत तिसरा: घरी ठेवलेला मोह. विकलेला माल बाजारात दिसतो, पण घरी खाल्लेला, सणाला वापरलेला, मिठा-मिरचीच्या बदल्यात दिलेला कुठल्याच हिशेबात येत नाही. हे तिन्ही रकाने लोकांनी घातलेत आणि अहवालातलं सगळ्यात मोलाचं तेच आहे, असं मला मनापासून वाटतं.

मे महिन्यात जाणार असाल तर तेंदूपत्त्याचा हंगाम मिळेल. ७० पानांचं एक पुडकं आणि १००० पुडक्यांची एक प्रमाण गोणी, हा हिशेब आधीच डोक्यात पक्का करा. संध्याकाळी फळीवर, म्हणजे पुडकी मोजून घेतात त्या जागी, फार घाई असते, तेव्हा प्रश्न विचारू नका, नुसतं बघा. जुलैत धानाची रोवणी असते, लोक दिवसभर बांधीत, म्हणजे भाताच्या शेतात असतात. मुलाखतींना निवांतपणा हवा असेल तर धान निघाल्यावर, डिसेंबर-जानेवारीत जा.

गोंडी येत नसेल तर गावातलाच एक मुलगा आणि एक मुलगी सोबत घ्या. मुलगी हवीच. बायका मुलासमोर निम्मं बोलत नाहीत. त्यांना दुभाषे समजू नका. प्रश्न काय विचारायचा इथपासून ते सोबत असायला हवेत, त्यांचा रोज बुडतो म्हणून मानधन ठरवून द्यायला हवं, आणि त्यांची इच्छा असेल तर अहवालावर आपल्या नावाशेजारी त्यांचं नाव यायला हवं. आमच्या सोबतची ताई वेचणाऱ्यांपैकी कोण कुठल्या झाडाची हक्कदार आहे ते तोंडपाठ सांगायची. तो नकाशा आमच्यापैकी कुणालाही काढता आला नसता.

मच्छरदाणी घ्याच. गडचिरोलीत मलेरिया नेहमीचा आहे, तोही फॅल्सिपॅरम या जास्त धोकादायक प्रकारचा. ताप आला की अंगावर काढायचा नाही, त्याच दिवशी आरोग्य उपकेंद्रात रक्त तपासायचं, आणि परत आल्यावर काही आठवड्यांनी ताप आला तरी डॉक्टरांना 'गडचिरोलीला होतो' हे आधी सांगायचं. कॉलेजचं पत्र आणि ओळखपत्र सतत जवळ ठेवा. आल्याची नोंद पोलीस ठाण्यात करा, आणि गावानं जिकडे जाऊ नका म्हटलं तिकडे जाऊ नका. जंगलात एकट्यानं फिरणं नाही. मोबाईलला रेंज नसते, म्हणून फॉर्म ऑफलाइन चालणारे हवेत. आम्ही शेवटी छापील कागदच वापरले, कारण मोबाईलमध्ये काय भरलं ते आजींना दिसत नाही, कागदावर दिसतं. फोटो विचारून काढा. देवाच्या जागी आणि घोटुलात (गावातल्या तरुण मुलामुलींच्या जमण्याच्या घरात) विचारूनही नाही म्हणाले तर विषय तिथेच संपवा.

जेवणाचा खर्च ज्या घरी राहाल त्यांना द्या, घेत नसतील तर ग्रामसभेच्या खात्यात. पाहुणचार त्यांचा असला तरी तांदूळ त्यांच्या कणगीतला असतो.

निष्कर्ष मांडायला शेवटचे दोन दिवस राखा. आम्ही शाळेच्या भिंतीवर मोठे कागद लावले, आकड्यांसोबत टोपलीची चित्रं काढली, ताईनं गोंडीत सांगितलं. लोकांनी दोन आकड्यांवर हरकत घेतली, ते तिथेच पुन्हा मोजले. ओल्या-वाळल्याच्या फरकावर चर्चा फार लांबली, आणि पुढच्या हंगामात सगळ्यांचा मोह एकत्र, ग्रामसभेच्या काट्यावर तोलून विकायचा का, हा विषय पुढच्या सभेवर ठेवला गेला. भरलेल्या फॉर्मांच्या झेरॉक्स आणि अहवालाची मराठी प्रत ग्रामसभेच्या फाइलमध्ये आहे. पुढची तुकडी गेली की आधी ती फाइल मागून वाचा, म्हणजे त्याच घरांना तेच प्रश्न पुन्हा विचारले जाणार नाहीत.