कोषांच्या बाजारातून रामगढला

आमच्या घरात कर्नाटकातल्या रामनगरमचं नाव दोन वाटांनी आलं. बाबांकडून आलं ते ‘शोले’चं गाव म्हणून, आणि आत्याच्या घरून आलं ते रेशीम कोषांच्या दराचं गाव म्हणून. आत्याची बीडजवळ दोन एकर तुती आहे. बॅच निघायला आली की आतेभावाचा, म्हणजे दादाचा, फोन येतो, “रामनगरमला काय दर चालू हाय बघ की जरा.” ही दोन गावं एकच आहेत, हे घरात कुणी कधी बोलूनच दाखवलं नव्हतं.

बाबा लालबागला चाळीत राहायचे, गिरणीत बदली कामगार होते, तेव्हा १९७६ साली त्यांनी ‘शोले’ मिनर्व्हाला पाहिला. तिथे तो पाच वर्षं मुक्कामाला होता. बाबांनी नऊ वेळा पाहिला. संवाद सगळ्यांनाच पाठ असतात, पण बाबांच्या मनात राहिले होते ते खडक. “असा दगड आपल्याकडे नाही,” हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे. गेल्या वर्षी सिनेमाला पन्नास वर्षं झाली आणि बाबांना एकाहत्तरावं लागलं. मी ठरवलं, यंदा जायचंच.

दादाला फोन केला. तो म्हणाला, “मामांना कशाला इतक्या लांब नेतीस? तिथं गावबिव काही राहिलं नाही म्हणतेत.”

त्याचं म्हणणं खरं होतं, आणि इथे जायचा बेत करणाऱ्या प्रत्येकानं ते आधी नीट समजून घ्यावं. रामगढ तिथे नाही. ठाकूरचा वाडा, देऊळ, मशीद, पाण्याची टाकी, काहीही नाही. चित्रीकरण संपल्यावर सेट पाडला गेला. न्यूझीलंडमध्ये एका सिनेमाचं गाव पक्कं बांधून पर्यटकांसाठी जपलंय, तसं इथे काही मनात ठेवून गेलात तर हिरमोड होईल. इथे डोंगर आहेत, उजेड आहे, आणि गाव कुठे होतं याची कल्पना करायला मोकळी जागा आहे. मला विचाराल तर एवढ्यासाठी बंगळूरहून ५० किलोमीटर जायला हरकत नाही.

त्या काळी डाकूंचा सिनेमा म्हणजे चंबळ हे ठरलेलं होतं. त्याऐवजी दक्षिणेतली ही जागा शोधून काढली कलादिग्दर्शक राम येडेकर यांनी. गाव त्यांनीच उभं केलं. हमरस्त्यापासून सेटपर्यंत सामान न्यायला रस्ता नव्हता, तोही करून घेतला. ३ ऑक्टोबर १९७३ ला इथे चित्रीकरण सुरू झालं. आपण कागदावर कथा कुणी लिहिली, कॅमेऱ्यासमोर कोण उभं राहिलं हे लक्षात ठेवतो, पण मोकळ्या माळावर गल्ल्या, ओटे, चौक असं गाव वसवून त्यात माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहिली आहेत असं वाटायला लावणारा माणूस विसरतो. या सिनेमाला त्या वर्षीचं एकच फिल्मफेअर मिळालं, संकलनाचं, आणि ते एम. एस. शिंदे यांना. म्हणजे गाव उभं करणारे येडेकर, आणि ते कापून-जोडून पडद्यावर आणणारे शिंदे. काळिया म्हणून घोड्यावरून येणारे विजू खोटे आणि इमामसाहेबांचा अहमद झालेले सचिन तर आपल्या सगळ्यांना ठाऊक आहेतच. मी ही नावं बाबांना वाचून दाखवली तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “येडेकरांचं नाव मी नऊ वेळा पडद्यावर बघितलं असणार.”

बेत असा ठरला. दादाची बॅच नोव्हेंबरात निघणार होती. तो शेजारच्या दोघांचा माल घेऊन पिकअपनं येणार, साडेआठशे किलोमीटर, रात्रीचा प्रवास. आम्ही सोलापूरहून उद्यान एक्स्प्रेसनं बंगळूरला जायचं, एक रात्र मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मैसूरकडे जाणाऱ्या गाडीनं रामनगरमला उतरायचं. बंगळूरहून तासाभराचा प्रवास आहे. स्वतःची गाडी असेल तर एक लक्षात ठेवा. २०२३ मध्ये बंगळूर-मैसूर नवा द्रुतगती मार्ग सुरू झाला आणि तो रामनगरमला वळसा घालून जातो. जुन्या रस्त्यावर राहिलात तर बिडदीला थांबून थट्टे इडली खाता येते, ताटलीएवढी, वर लोण्याचा गोळा. नव्या रस्त्यानं गेलात तर बाहेर पडायचा फाटा डोळ्यांत तेल घालून बघावा लागतो. दादाच्या पिकअपचा फाटा चुकला आणि ते थेट चन्नपट्टणला पोचले. एरवी तिथे लाखेच्या रंगांची लाकडी खेळणी बघत दोन तास घालवता येतात, पण मागे जिवंत कोष असताना तो उशीर परवडत नाही.

कोष म्हणजे धान्याचं पोतं नाही. आत जीव असतो. अळीनं चंद्रिकेवर, म्हणजे कोष विणायला ठेवलेल्या जाळीवर, कोष विणला की आत तिची पतंग व्हायची तयारी सुरू होते, आणि पतंग कोष फोडून बाहेर आला की धागा तुटला, माल गेला. त्यामुळे कोष काढल्यावर थोड्याच दिवसांत विकावा लागतो. पोती एकमेकांवर दाबून भरायची नाहीत, वारा खेळता ठेवायचा, ऊन लागू द्यायचं नाही. म्हणून रात्रीचा प्रवास. दादा वाटेत तीन वेळा उतरून पोत्यांत हात घालून बघत आला होता.

स्टेशनातून बाहेर पडलो तेव्हा पहिल्यांदा जाणवला तो वास. उकळलेल्या कोषांचा. उग्र असतो, पहिल्यांदा नाक आपोआप मिटतं. या गावात घराघरांतून कोष उकलून सूत काढणारे लोक आहेत आणि इथला कोष बाजार आशियातला सगळ्यात मोठा मानला जातो. आम्ही बाजारात गेलो तर पांढऱ्या आणि पिवळसर कोषांच्या ट्रेंच्या रांगाच रांगा. खरेदीदार ट्रेमध्ये मनगटापर्यंत हात खुपसायचे, मूठभर वर काढायचे, एखादा कोष कानाशी धरून हलवायचे. आतला जीव धड असेल तर बारीक खुळखुळ ऐकू येते. बोली मात्र मोबाइलवर लागते. कोणी ओरडत नाही. आपल्या भुसार आडतीची सवय असलेल्या माणसाला तो शांतपणा विचित्र वाटतो.

आणि मराठी कानावर आलं. जालन्याचे दोघे होते, परभणीचा एक म्हातारा होता, धोतर-टोपीत, रात्रभर जागून डोळे लाल झालेला. २०१८ पासून जालन्यात कोषांचा बाजार सुरू आहे, तरी खरेदीदार जास्त म्हणून लोक अजून इथवर येतात. बाबा त्या म्हाताऱ्याशेजारी जाऊन बसले आणि दोघांचं पाऊसपाणी सुरू झालं. मला खरं तर नऊ वाजताच डोंगराकडे निघायचं होतं. पण बाबांना उठवावंसं वाटेना. एका सिनेमाच्या शोधात आलेला माणूस आणि पोटासाठी आलेला माणूस, दोघं एकाच बाकड्यावर, घरापासून साडेआठशे किलोमीटरवर, तुतीला पाणी किती द्यावं यावर बोलत होते.

दादाचा लॉट लागायला वेळ होता. तो म्हणाला, “तुम्ही या जाऊन, मी हितंच थांबतो.”

रिक्षावाल्याला रामदेवर बेट्टा हे डोंगराचं नाव सांगितलं तरी कळतं आणि ‘शोले’ म्हटलं तरी कळतं. गावापासून तीन-चार किलोमीटर. पायथ्याशी वनखात्याचं तिकीट काढावं लागतं, कारण हा भाग २०१२ पासून गिधाडांचं अभयारण्य आहे. पायऱ्यांची वाट देवळापर्यंत जाते, त्यापलीकडे खडकांवर चढायला मनाई आहे. पायऱ्या चारेकशे आहेत. पाणी बरोबर घ्या, टोपी घ्या. दगड तापला की खालून-वरून दोन्हीकडून भाजतो. आम्हाला निघायला उशीर झाला होता, त्यामुळे आम्ही दर तीस-चाळीस पायऱ्यांना बसत गेलो.

पहिल्या वळणावर बाबा थांबले. समोर दोन प्रचंड कातळ, पोटाशी गोल, अंगावर पाण्याच्या काळ्या ओघळांचे पट्टे, मध्ये फट. बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी जवळच्या दगडावर तळहात ठेवला आणि ठेवूनच उभे राहिले.

असा दगड आपल्याकडे का नाही, याचं उत्तर मी जाण्याआधी शोधून ठेवलं होतं. आपला सह्याद्री लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झाला, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास. म्हणून आपले कडे काळे आणि पायऱ्यापायऱ्यांचे. इथला दगड ग्रॅनाइट आहे, जमिनीच्या पोटात खोलवर सावकाश निवलेला, सुमारे अडीचशे कोटी वर्षांचा. वरची जमीन झिजत गेली, तो उघडा पडला, त्याच्या भेगांत पाणी शिरलं आणि कोपरे आधी झिजले. म्हणून हे गोल गरगरीत धोंडे. भूशास्त्रात या दगडाला क्लोजपेट ग्रॅनाइट म्हणतात, कारण इंग्रजी अमदानीत या गावाचं नाव क्लोजपेट होतं, बॅरी क्लोज या अधिकाऱ्याच्या नावावरून. हा तोच कर्नल क्लोज, पुण्याचा रेसिडेंट, ज्यानं ३१ डिसेंबर १८०२ ला दुसऱ्या बाजीरावाबरोबर वसईचा तह केला. हे वाचलं तेव्हा मी दचकले होते. पेशवाईच्या गळ्याला लागलेल्या त्या फासाचा धनी इथे एका गुलाबी-करड्या दगडाच्या नावात बसलाय. गावाचं नाव स्वातंत्र्यानंतर रामनगर झालं हे चांगलं झालं. दगडाचं मात्र राहिलं.

वर पट्टाभिरामाचं देऊळ आहे आणि कातळाच्या कुशीत पाण्याचं कुंड. वनवासात राम-सीता इथे राहिले होते आणि काकासुराचा वध इथेच झाला, असं इथले लोक सांगतात. देवळाच्या पायरीवर बसलेल्या वनखात्याच्या रखवालदारानं आम्हाला समोरच्या कड्यावरच्या पांढऱ्या रेघा दाखवल्या. गिधाडांच्या बसायच्या जागा. गिधाड त्या दिवशी एकही दिसलं नाही. बाबा म्हणाले, लहानपणी गावाबाहेर मेलेलं ढोर टाकलं की घटकाभरात पन्नास-पन्नास उतरायची. जनावरांना दुखण्यावर देत असलेल्या डायक्लोफेनॅकनं ती मेली. ढोराच्या मांसातून औषध पोटात जायचं आणि मूत्रपिंड निकामी व्हायचं. २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली, तोवर देशातली बहुतेक गिधाडं संपली होती. या कड्यांवर लांब चोचीची थोडी उरली आहेत. म्हणून इथे आरडाओरडा करू नका, मोबाइलवर मोठ्यानं गाणी लावू नका. आमच्या मागून आलेली मुलं कातळांकडे तोंड करून एकेक संवाद ओरडत होती. मला त्यांचा आनंद कळत होता, तरी मी त्यांना जाऊन कड्यावरच्या रेघा दाखवल्या. ती गप्प झाली आणि बराच वेळ वर बघत राहिली.

मी रखवालदाराला खुणेनं विचारलं, गाव कुठे होतं? त्यानं खाली डोंगराच्या कुशीतल्या मोकळ्या पट्ट्याकडे हात केला. झाडोरा, गवत, दगड. बाबांनी डोळ्यांवर हात आडवा धरला आणि सांगायला लागले, देऊळ असं असणार, टाकी तिकडे, वाडा जरा उंचावर, कारण राधा सांजेला दिवे मालवते तेव्हा खाली ओट्यावर बसलेला माणूस तिला दिसतो. त्या दिव्यांच्या प्रसंगासाठी छायालेखक द्वारका दिवेचा यांनी सूर्य बुडाल्यानंतरच्या काही मिनिटांचाच उजेड वापरला, म्हणून त्या थोड्याशा प्रसंगाला तीन आठवड्यांच्या आसपास लागले. रोज संध्याकाळी एखाद-दुसरा तुकडा, की अंधार. मला तो उजेड बघायचा होता. पण अभयारण्य पाचला बंद होतं. तुमचा बेत करताना एवढं धरून चाला की डोंगरावरून तो उजेड मिळणार नाही. पायथ्याबाहेर रस्त्यावर थांबावं लागेल.

साडेतीनला खाली उतरलो तर फाटकाशी दादा उभा. हातात बाजारातली पावती.

“काय दर लागला?” बाबांनी लांबूनच विचारलं.

“पाचशे ऐंशी.” दादा हसला. “भाडं निघून बरं ऱ्हायलं. दिसलं का मामा, रामगढ?”

“तू कधी बघितलंस का वर जाऊन?”

“अकरा येळा आलो हितं. बाजार, जेवण अन्‌ गाडी. वर कवा जायचं?”

बाबांनी माझ्याकडे बघितलंही नाही. तिकिटाच्या खिडकीशी गेले, एक तिकीट घेतलं, ते दादाच्या हातात दिलं आणि आमची सकाळची तिकिटं दाखवून रखवालदाराशी हातवारे करून बोलले. त्यानं मान हलवली.

“वरपर्यंत नको,” बाबा मला म्हणाले, “पहिल्या वळणापर्यंतच.”

मी खाली थांबले. दादा पुढे, बाबा त्याच्या खांद्यावर हात टेकून मागे, असे दोघे पायऱ्या चढत गेले. वळणावर पोचल्यावर बाबांनी त्याला थांबवलं, त्याचा हात धरून दगडावर ठेवला, आणि मग खालच्या मोकळ्या पट्ट्याकडे बोट करून बोलायला लागले.