फोनवर उपलब्ध असेन

सकाळी साडेआठला मीनलचा मेल आला. काल रात्रीपासून अंगात कणकण आहे, आज येऊ शकणार नाही, गरज पडल्यास फोनवर उपलब्ध असेन.

हे वाक्य माझं आहे. शब्दन् शब्द माझा. चार वर्षांपूर्वी शेजारी बसून मीच तिला रचून दिलं होतं. ताप म्हणायचं नाही, तापाला आकडा लागतो. कणकण कुणाला मोजता येत नाही. आणि 'फोनवर उपलब्ध असेन' हवंच, कारण तसं लिहिलं की कुणी फोन करत नाही. दोघींनी ते किती वेळा वापरलं याचा हिशोब नको. आज तेच फिरून माझ्याकडे आलं, खाली मंजूर-नामंजूर अशी दोन बटणं घेऊन.

मंजूर केलं. आणि मग दिवसभर तेच डोक्यात.

खोटं बोलली याचं वाईट वाटलं का? कुठल्या तोंडानं वाटून घेऊ! पण निदान वाक्य तरी बदलायचं. की मुद्दामच नाही बदललं, मला कळावं म्हणून? आणि खरंच कणकण असेल तर? पूर्वी 'काय गं, कुठे उंडारतेयस?' एवढं विचारलं की उलगडा व्हायचा. आता तेच विचारलं तर ती चौकशी होते.

गेल्या आठवड्यातल्या दोन दिवसांच्या ट्रेनिंगमध्ये यावर काही नव्हतं. फीडबॅक कसा द्यायचा ते होतं: आधी प्रसंग, मग वर्तन, मग परिणाम. 'तू बेजबाबदार आहेस' म्हणायचं नाही, 'सोमवारी आकडे आले नाहीत, त्यामुळे मीटिंग अडली' असं म्हणायचं. करून पाहिलं. प्रसंग, आज सकाळ. वर्तन, माझंच वाक्य. परिणाम, मी. गाडी पुढे जाईना.

टकमन या मानसशास्त्रज्ञानं १९६५ मध्ये मांडलेले टीमचे टप्पेही शिकवले. माणसं जमतात, मग खटके उडतात, मग घडी बसते, मग कुठे काम होतं. आणि नवा मॅनेजर आला की बसलेली घडी विस्कटू शकते, असं ट्रेनरबाई म्हणाल्या. मी वहीत टिपून घेतलं. तेव्हा डोळ्यांपुढे नवा मॅनेजर म्हणून दुसराच कुणीतरी होता. ज्याला ही जागा हवी होती तो... जाऊ दे, ते आज नको.

दुपारी मीनलचा रिपोर्ट उघडला आणि भरत बसले. खरं सांगायचं तर बरं वाटत होतं, कित्येक दिवसांनी काहीतरी काम केल्यासारखं. निम्म्यात माकड आठवलं. हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमधला ऑन्केन आणि वॉस यांचा १९७४ चा लेख: हाताखालचा माणूस अडचण सांगतो, मॅनेजर 'बघतो' म्हणतो, आणि त्याच्या पाठीवरचं माकड याच्या पाठीवर उडी मारतं. इथे तर तिनं काही सांगितलंही नव्हतं. मीच तिच्या टेबलापाशी जाऊन माकड कडेवर घेऊन आले होते.

संध्याकाळी रजेचे माझे जुने मेल काढले. सर दर वेळी एकच उत्तर द्यायचे, 'काळजी घ्या.' आम्ही हसायचो, यांना काही म्हणजे काही कळत नाही म्हणून. आज ती उत्तरं ओळीनं वाचली. काळजी घ्या. काळजी घ्या. काळजी घ्या. मधल्या एकाच मेलला 'डॉक्टरांना दाखवलंत का?' असं होतं. तारीख पाहिली. त्या दिवशी मी खरोखर तापले होते.

एकटीच हसत सुटले. शहाणे समजत होतो स्वतःला! मग त्या दिवशीचा माझा मेल उघडला. त्यातही तेच वाक्य, तीच कणकण, कान्यामात्रेचाही फरक नाही. सरांना कुठून कळलं असेल?

मीनलला 'काळजी घे' पाठवलं. रिपोर्ट अर्धाच सोडलाय. कणकण उतरली की भरेल.