उन्हात दूर्वा, सावलीत कार्पेट: फोंड्यातल्या हिरवळीची पावसाळ्यानंतरची खबर

गोव्यात, फोंड्याला, घराच्या पुढे-मागे मी लॉनचे दोन तुकडे लावले. पाऊस ओसरला आणि दोन्ही तुकड्यांनी मूळ धरलं, म्हणून आतापर्यंतची हकीकत लिहिते. नर्सरीत गेलं की पहिला प्रश्न येतो, "ताई, कोरियन की मेक्सिकन?" ही लॉनच्या गवतांची नावं. माझं मत आता पक्कं झालंय: आधी ऊन किती तास पडतं ते बघायचं, मग पाणी कुठे तुंबतं ते, गवताचं नाव सगळ्यात शेवटी.

थंड मुलखात लॉनची अशी गवतं निवडताना हिवाळ्यात ती किती पिवळी पडतील याची काळजी असते. आपल्याला ती नाही. ही सगळी सी-४, म्हणजे उष्ण हवेला सरावलेली गवतं, २७ ते ३५ अंशांत जोमाने वाढणारी. फोंड्यातली डिसेंबरची पहाट त्यांचं काही बिघडवत नाही. इथे कसोटी लागते ती वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास कोसळणाऱ्या पावसाची, आणि त्यानंतरच्या कोरड्या महिन्यांची. त्यात आपली जांभी माती आम्लधर्मी, खत टिकू न देणारी.

पुढच्या अंगणात दिवसभर ऊन, म्हणून तिथे दूर्वा घेतली, 'सिलेक्शन वन' म्हणून मिळते ती बारीक पानांची. तिला निदान सहा तास थेट ऊन लागतंच. पण मुळं खोल जातात, तुडवलं तरी लवकर भरून येते. कोरियन दिसायला मखमली, हे मान्य. मात्र ते फार सावकाश पसरतं, आणि कापलं नाही तर त्याचे उंचवटे होतात. आपल्या पावसात त्या उंचवट्यांमध्ये पाणी साचणार, म्हणून मी ते टाळलं.

माती वीतभर उकरली, घरापासून गटाराकडे उतार दिला. दूर्वेला मातीचा सामू (पीएच) ६ ते ७ मानवतो, म्हणून आधी चुना टाकला आणि कुजलेलं शेणखत त्यानंतर बऱ्याच दिवसांनी. दोन्ही एकत्र टाकलं की नत्र अमोनिया होऊन उडतं. मेच्या अखेरीला काड्या लावल्या, प्रत्येकीचं एक तरी पेर मातीत दाबून. मोठा पाऊस येण्याआधी त्या रुजायला हव्या होत्या आणि तशा त्या रुजल्या. एक धावती काडी अलगद उचलून बघितली, तर पेरापेराशी पांढऱ्या मुळ्यांचा झुपका मातीला घट्ट धरून होता. तो बघून फार बरं वाटलं.

तणांत सगळ्यात चिवट लव्हाळा. काडी बोटांत फिरवून बघा, तीन कडा लागल्या की तोच. उपटला तर खालच्या गाठी मातीतच राहतात आणि पुन्हा फुटतात, म्हणून खुरप्याने गाठीसकट काढायचा.

मागे आंबा आणि माड. तिथे दूर्वा लावण्यात अर्थच नव्हता, ती सावलीत विरळ होत जाते. तिथे कार्पेट गवत लावलं: रुंद पान, बोथट टोक, चपटी काडी. त्याला आम्ल माती आवडते, म्हणून तिकडे चुना अजिबात टाकला नाही. दूर्वा मी अडीच सेंटिमीटरवर कापते, हे चार-पाचवर ठेवते. माडाची चुडतं पडली की लगेच उचलायची, नाहीतर खालचं गवत पिवळं पडतं. याची मुळं उथळ, त्यामुळे खरी चिंता उन्हाळ्याची.

मोरजी-कळंगुटकडच्या मंडळींसाठी एक गोष्ट. विहिरीचं पाणी मचूळ होत असेल तर कार्पेटच्या वाटेला जाऊ नका. तिथे सीशोर पास्पालम हेच गवत. खारं पाणी त्याच्याइतकं फार थोडी गवतं सोसतात. दूर्वाही बऱ्यापैकी तग धरते.

कुंपणालगतची दूर्वेची एक पट्टी चवथीसाठी न कापता ठेवली होती आणि तिच्यावर कसलीच फवारणी केली नव्हती. शेजारच्या वहिनींनी विचारलं, "ह्या लॉनच्या दूर्वा चालतात काय गो?" जात तीच आहे, तीन पानांची कोवळी टोकंही तशीच. त्यांनी ओंजळभर खुडून नेल्या.

आता पाणी फक्त सकाळी, रोज शिंपडण्याऐवजी अंतराने पण भरपूर, म्हणजे मुळं खाली जातील. संध्याकाळी पान ओलं राहिलं की बुरशी धरते. फेब्रुवारीआधी दोन्हीकडे चाळलेलं गांडूळखत पातळ पसरणार आहे. सांगे-केपेकडे कुणी झाडाखाली झोयसिया (कोरियन ज्या गटातलं, ती गवतं) लावलं असेल, तर मेमध्ये ते कसं राहिलं ते नक्की कळवा. घराच्या बाजूला एक अर्धसावलीचा तुकडा अजून मोकळा आहे.