जिब्राल्टर एका दिवसात: नाक्यावरची मिनीबस नको, पायऱ्या घ्या

स्पेनमधल्या ला लिनेआच्या बस स्टँडवरून जिब्राल्टरची सीमा चालत पाच मिनिटांवर आहे. भाड्याची गाडी असेल तर ती ला लिनेआतच लावा. गाड्यांच्या रांगेत वेळ जातो आणि आत पार्किंग शोधताना उरलेला.

पण आधी व्हिसा. भारतीय पासपोर्टवर सिंगल एंट्री (एकदाच प्रवेशाचा) शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांचा सामाईक व्हिसा असेल तर इकडे फिरकू नका. जिब्राल्टर ब्रिटनचं, शेंगेनमध्ये नाही. स्पेनमधून बाहेर पडल्याची नोंद झाली की व्हिसा संपला. सामान मालागाच्या हॉटेलात आणि तुम्ही नाक्यापलीकडे. जून 2025 मध्ये ब्रिटन आणि युरोपीय संघात नाक्यावरची ही तपासणीच काढून टाकण्यावर सहमती झाली, त्यामुळे वरचा नियम बदललेला असू शकतो; जुने व्हिडिओ बघून निघू नका. त्या आठवड्यातला नियम सरकारी संकेतस्थळावर वाचा.

नाका ओलांडला की शहरामागचा चुनखडीचा डोंगर, ‘द रॉक’, दाखवणारे मिनीबसवाले गाठतात. ‘वर जायला दुसरी सोय नाही’ हे धादांत खोटं. गुहा, माकडं, बोगदे, प्रत्येक ठिकाणी घाईघाईचा थांबा, आणि ओ’हाराज बॅटरीचा (जुन्या तोफांच्या मोर्चाचा) माथा सहसा त्यात नसतोच. तरीही जायचंच असेल तर आधी वदवून घ्या: भाव माणशी की गाडीचा, पौंडात की युरोत, डोंगरावरच्या अभयारण्याचं तिकीट धरून की वेगळं. युरो घेतात, पण दर त्यांच्या मर्जीचा. कार्डाने पौंडातच द्या.

शहरात जाताना वाटेतली विमानतळाची धावपट्टी पायी ओलांडता येते; विमान असेल तर फाटक पडतं, थांबायचं. पुढे केसमेट्स चौक आणि मेन स्ट्रीट. अत्तर, दारू, सिगारेट. वेळ घालवू नका. (इथल्या सिंधी व्यापाऱ्यांमुळे इंजिनिअर लेनमध्ये हिंदू मंदिर आहे, ते मात्र पाहा.)

साउथपोर्ट गेटमधून बाहेर पडून इंजिनिअर रोडने ज्यूज गेट गाठा. मेडिटेरेनियन स्टेप्स या डोंगरावर चढणाऱ्या पायऱ्या इथून सुरू होतात. साधारण 180 मीटरवरून 419 मीटरवरच्या ओ’हाराज बॅटरीपर्यंत, अंतर जेमतेम दीड किलोमीटर. चढ सिंहगडाच्या पायवाटेच्या निम्माही नाही, आणि पहिला भाग तर फसवतो: सपाट, झुडपांतून. खरा त्रास शेवटच्या वळणांवर. पायऱ्या एकसारख्या नाहीत, काही गुडघ्याएवढ्या. चुनखडी घासून गुळगुळीत झालेली, आणि एका अंगाला थेट खाली समुद्र. दोर आहे, पण सगळीकडे नाही. चपला, सँडल अजिबात नकोत. बाजू पूर्वेची, म्हणून सकाळी ऊन तोंडावर, दुपारनंतर सावली. माणशी दीड लिटर पाणी खालूनच न्या, वाटेत थेंब मिळत नाही.

निघण्याआधी ला लिनेआतूनच माथा बघून घ्या. पूर्वेचा लेव्हांटर वारा सुटला की त्यावर ढग चिकटून बसतो, खाली शहराच्या पलीकडे भलेही लख्ख ऊन असो. माथा दिसत नसेल तर पायऱ्या रद्द. दगड ओला असतो आणि वरून दिसत काहीच नाही.

उतरताना डांबरी रस्त्याने सेंट मायकल गुहा, मग 1779 ते 1783 च्या वेढ्यातले बोगदे, शेवटी मूरिश कॅसल करत केसमेट्स. हा क्रम उलटा केलात तर त्या पायऱ्या उतरायला लागतील, गुडघे बोलतील.

माकडांना खायला घालणं गुन्हा आहे, दंड जबर. प्लास्टिकच्या पिशवीचा आवाज आला की ती झडप घालतात. सॅक पोटाशी, चेन बंद. चावलं तर सरळ इस्पितळ.

मोबाइल डेटा नाक्यावरच बंद करा. स्पॅनिश सिमवर रोमिंग लागू शकतं. हातात आलेल्या जिब्राल्टरच्या नोटा-नाणी परतण्यापूर्वी संपवा. पौंडाच्याच किमतीची असली तरी बाहेर ती कुणी घेत नाही.