एपीएल: पहिल्या काही दिवसांचे महत्त्व

रक्ताच्या कर्करोगाचे निदान झाले की घरच्यांच्या मनात पहिला विचार येतो तो बोन मॅरो ट्रान्सप्लांटचा आणि त्याच्या खर्चाचा. अक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया, म्हणजेच एपीएल, या दुर्मीळ प्रकारात मात्र बहुतेक रुग्णांना सुरुवातीच्या उपचारात ट्रान्सप्लांटची गरज पडत नाही. इथे खरा प्रश्न वेळेचा असतो. माझा धाकटा भाऊ या आजारातून बरा झाल्यापासून नव्याने निदान झालेल्या कुटुंबांशी माझे बोलणे होत असते आणि प्रत्येकाला मी आधी हेच सांगते.

या आजारात 15 आणि 17 क्रमांकांच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन एक सदोष जनुक तयार होते, त्यामुळे पांढऱ्या पेशींची वाढ अर्ध्यावर थांबते. या अपक्व पेशी रक्त गोठण्याची यंत्रणाच बिघडवतात. भावाच्या दंडावर मार न लागताही काळेनिळे डाग उठले होते आणि सुई टोचलेल्या जागी लावलेला कापूस बराच वेळ भिजतच होता. मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका सुरुवातीच्या दिवसांतच सर्वाधिक असतो. म्हणूनच सूक्ष्मदर्शकाखाली रक्त पाहून एपीएलचा संशय आला की जनुकीय तपासणीच्या अहवालाची वाट न पाहता अट्रा या औषधाच्या कॅप्सूल सुरू कराव्यात, असे तज्ज्ञ सांगतात. सोबत प्लेटलेट्स आणि क्रायोप्रेसिपिटेट (रक्त गोठवणारे घटक असलेला प्लाझ्माचा भाग) वारंवार द्यावे लागते. प्लेटलेट्स पाचच दिवस टिकतात, त्यामुळे रक्तदात्यांना एकाच दिवशी न बोलावता रक्तपेढीला विचारून पाळ्या लावाव्यात.

अट्राचा पहिला यशस्वी वापर शांघायमध्ये डॉ. वांग झेन्यी यांनी 1985 मध्ये एका लहान मुलीवर केला. आर्सेनिक, म्हणजे आपला सोमल, या रोगावर चालतो हे हार्बिन शहरातल्या डॉक्टरांनी त्याआधीच, 1970च्या दशकात, पाहिले होते. ज्यांच्या पांढऱ्या पेशी सुरुवातीला रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये दहा हजारांपेक्षा जास्त नसतात, अशा रुग्णांना पारंपरिक केमोथेरपीशिवाय केवळ ही दोन औषधे देऊन उत्तम गुण येतो, हे इटली आणि जर्मनीतील डॉक्टरांच्या 2013 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवून दिले. आपल्या वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने तर केवळ आर्सेनिक देऊन रुग्ण दीर्घकाळ रोगमुक्त राहतात, हे त्याच्याही आधी मांडले होते. या कामाची आपल्याकडे पुरेशी दखल घेतली जात नाही, याचे मला वाईट वाटते. पेशींची संख्या जास्त असेल तर मात्र केमोथेरपीची जोड द्यावी लागते.

उपचार सुरू झाल्यावर ताप, धाप किंवा एकाएकी वाढलेले वजन दिसले तर लगेच सिस्टरना सांगावे, कारण ते डिफरन्शिएशन सिंड्रोमचे, म्हणजे या औषधांमुळे उद्भवणाऱ्या एका गंभीर गुंतागुंतीचे, लक्षण असू शकते आणि त्यावर डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड तातडीने द्यावे लागते. भावाचे वजन रोज सकाळी करून वहीत लिहिण्याचे काम माझ्याकडे होते. आर्सेनिक चालू असताना ईसीजी, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम वारंवार तपासतात. अट्रा आणि आर्सेनिकमुळे गर्भाला गंभीर इजा होऊ शकते, त्यामुळे तरुण स्त्रियांनी याविषयी डॉक्टरांशी आधीच मोकळेपणाने बोलावे.

रोग आटोक्यात आल्यावरही आर्सेनिकचे सलाइन आठवड्यातून पाच दिवस, चार आठवडे सलग आणि मग चार आठवडे सुट्टी, असे काही महिने घ्यावे लागते. बाहेरगावच्या माणसाला औषधापेक्षा शहरातला मुक्काम जड जातो. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयात उपचार असतील तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आणि लहान मुलांसाठी सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्समध्ये चौकशी करावी. त्यासाठी रुग्णालयातील समाजसेवकांची चिठ्ठी लागू शकते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात दाखल होताना शिधापत्रिका आणि आधार घेऊन आरोग्यमित्राला (योजनेच्या रुग्णालयातील मदतनिसाला) पहिल्याच दिवशी भेटावे आणि उपचाराचा कोणता भाग योजनेत बसतो ते विचारून घ्यावे.

पहिल्या महिन्यानंतर रक्ताचे आकडे सुधारतात, रुग्ण हिंडूफिरू लागतो आणि पेरणी किंवा नोकरी खुणावू लागते. पण सदोष जनुकाचा मागमूस राहिला नाही हे पीसीआर या जनुकीय तपासणीनेच कळते, म्हणून उरलेली सलाइन पूर्ण होईपर्यंत डे-केअरची एकही तारीख चुकवू नये.